प्राथमिक स्तरावरील गणिती कौशल्यांची चाचणी : एक चिकित्सा

प्रस्तावना

प्राथमिक शाळेतील मुलांना गणित येते की नाही, हा प्रश्न गेल्या दोन दशकांत शाळेच्या भिंतींबाहेर पडून सार्वजनिक चर्चेचा विषय झाला आहे. सर्वेक्षणाचे अहवाल प्रसिद्ध होतात, वृत्तपत्रांतून टक्केवारी छापली जाते, त्यावर अग्रलेख लिहिले जातात आणि काही दिवसांनी हा विषय मागे पडतो. या चर्चेत मुलाला काय येत नाही याविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु ज्या साधनाने हे ठरविले गेले त्या साधनाची चिकित्सा क्वचितच होते. चाचणीने नेमके काय मोजले, कोणत्या भाषेत मोजले आणि मिळालेल्या आकड्याचा पुढे काय उपयोग झाला, हे तीन प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील प्राथमिक स्तरावर वापरल्या जाणाऱ्या गणिती चाचण्यांचा, विशेषतः 'असर' या सर्वेक्षणातील अंकगणिताच्या साधनाचा आणि राज्य शासनाच्या मूल्यमापन चाचण्यांचा, या तीन प्रश्नांच्या आधारे विचार केला आहे. चाचणी नसावी असे प्रतिपादन येथे अभिप्रेत नाही. एका हेतूने तयार झालेल्या साधनाचा आकडा दुसऱ्या हेतूसाठी वाचला गेला की त्याचा भार शेवटी मुलावर आणि शिक्षकावर पडतो, एवढेच दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

मूल्यमापनाची बदलती परंपरा

मराठी मुलखातील गणिताची परीक्षा मुळात मौखिक होती. पंतोजींच्या शाळेत मुलाची पारख पाढ्यांवरून होत असे. एक ते तीसपर्यंतच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही मुखोद्गत असणे अपेक्षित होते. सोळा आण्यांचा रुपया आणि पायली-शेरांची मापे यांच्या व्यवहारात त्यांचा रोजचा उपयोग होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली, पाठोपाठ मेट्रिक वजनमापे आली आणि या पाढ्यांचा व्यावहारिक आधार संपला. त्या पद्धतीत घोकंपट्टी होती यात शंका नाही. तथापि, परीक्षेत जे विचारले जाई तेच बाजारात वापरले जाई, हा तिचा गुणही नोंदविला पाहिजे.

पुढील काळात लेखी परीक्षा हाच मूल्यमापनाचा मुख्य प्रकार ठरला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या तरतुदीनुसार राज्यात २०१० मध्ये आकारिक आणि संकलित मूल्यमापनाची पद्धत स्वीकारण्यात आली. पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनास ७० टक्के आणि संकलितास ३० टक्के भारांश देण्यामागे स्पष्ट विचार होता. लहान मुलाचे गणित वर्षअखेरीच्या एका कागदावर मावत नाही, ते दररोजच्या कामात पाहावे लागते, हा तो विचार होय.

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. भाषा व गणित या विषयांच्या पायाभूत आणि संकलित चाचण्या राज्यभर घेण्यात आल्या व शाळा 'प्रगत' करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांची मालिकाही सुरू झाली. म्हणजेच तेरा-चौदा वर्षांच्या अवधीत मूल्यमापनाचा लंबक दैनंदिन निरीक्षणाकडून पुन्हा एकसमान प्रश्नपत्रिकेकडे झुकल्याचे दिसून येते.

'असर'चे साधन : बलस्थाने

'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ मध्ये 'असर' सर्वेक्षणास प्रारंभ झाला. २०१४ पर्यंत ते दरवर्षी झाले. त्यानंतर मूलभूत स्वरूपातील राष्ट्रीय सर्वेक्षण २०१६, २०१८, २०२२ आणि २०२४ या वर्षी झाले. त्यातील अंकगणिताचे साधन अत्यंत साधे आहे. १ ते ९ हे अंक ओळखणे, ११ ते ९९ या संख्या ओळखणे, दोन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, अशा चार पायऱ्या त्यात आहेत. मूल ज्या सर्वांत वरच्या पायरीपर्यंत पोहोचते ती त्याची पातळी म्हणून नोंदविली जाते.

या साधनाची बलस्थाने नाकारता येणार नाहीत. चाचणी घरी घेतली जात असल्याने शाळाबाह्य आणि त्या दिवशी गैरहजर असलेली मुलेही त्यात येतात. ती प्रत्येक मुलाची स्वतंत्रपणे घेतली जाते, त्यामुळे शेजाऱ्याच्या कागदात डोकावण्याचा प्रश्न उद्भवत नाही. साधन इतके सोपे आहे की गावातील पालकही ते समजू शकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पटनोंदणी आणि वर्गखोल्या यांच्या मोजदादीत गुंतलेल्या शिक्षणचर्चेला त्याने 'मूल शिकते काय?' हा प्रश्न विचारावयास लावला. २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी किमान वजाबाकी करू शकणाऱ्यांचे प्रमाण ३३.७ टक्के होते. २०२२ मध्ये ते २५.९ टक्के होते. पाचवीत भागाकार करू शकणारी मुले २०२४ मध्ये ३०.७ टक्के होती. सुधारणा आहे, पण पाचवीतील दर दहा मुलांपैकी सुमारे सात मुलांना हा भागाकार जमला नाही, हे वास्तव कोणत्याही चिकित्सेने पुसले जात नाही.

आकड्याच्या सीमा

तथापि, या आकड्याच्या सीमा जाणून घेणे आवश्यक आहे. पहिली सीमा भूगोलाची आहे. 'असर' हे ग्रामीण सर्वेक्षण आहे. बडनेरा हे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती महानगरपालिकेच्या हद्दीत येते. त्यामुळे येथील जुन्या वस्तीतील वा नव्या वस्तीतील मूल या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेरच राहते. जिल्ह्याचा म्हणून जो आकडा वाचला जातो तो बडनेऱ्याच्या शाळांविषयी काहीच सांगत नाही. असे असूनही शहरातील चर्चासत्रांत हा आकडा 'आपल्या मुलांची स्थिती' म्हणून सहज उद्धृत होतो.

दुसरी सीमा नमुन्याची आहे. प्रत्येक जिल्ह्यात ३० गावे व प्रत्येक गावात २० घरे, म्हणजे एकूण ६०० घरे निवडली जातात. राष्ट्रीय वा राज्य पातळीवरील अनुमानास हा नमुना पुरेसा ठरतो. जिल्ह्यातील एका इयत्तेचा विचार केल्यास मात्र मुलांची संख्या फार कमी उरते. उदाहरणादाखल, एका इयत्तेची ६० मुले नमुन्यात आली आणि त्यांतील ३० टक्के मुलांना वजाबाकी आली असे मानू. साध्या यादृच्छिक नमुन्याच्या सूत्रानेही हा अंदाज दोन्ही बाजूंना सुमारे १२ टक्क्यांनी सरकू शकतो. गावनिहाय समूहनिवडीमुळे ही मर्यादा आणखी रुंदावते. अशा स्थितीत एका जिल्ह्याचा आकडा दोन-चार टक्क्यांनी वर गेला वा खाली आला यावरून अधिकाऱ्यांचे कौतुक किंवा शिक्षकांची झडती होणे हे संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

तिसरी सीमा आशयाची आहे. मापन, आकार, अंदाज बांधणे, आकृतिबंध ओळखणे, माहितीचे वाचन हे सर्व प्राथमिक गणिताचेच भाग आहेत. चार पायऱ्यांच्या साधनात त्यांना स्थान नाही. तळ तपासण्यासाठी केलेल्या साधनाकडून याची अपेक्षाही करू नये. अडचण तेव्हा निर्माण होते जेव्हा हाच तळ अध्यापनाचे छत ठरतो आणि वर्गात वर्षभर केवळ वजाबाकी व भागाकाराची उदाहरणे गिरविली जातात.

संख्या ओळखणे की संख्यानाम ओळखणे?

मराठी मुलाच्या बाबतीत एक अधिक सूक्ष्म प्रश्न आहे. ११ ते ९९ या संख्या 'ओळखणे' म्हणजे त्यांची नावे उच्चारणे. मराठी संख्यानामांची रचना मात्र लेखनाच्या उलट दिशेने जाते. 'पंचवीस' म्हणताना आधी पाच उच्चारले जातात व नंतर वीस. लिहिताना आधी दोन येतात व नंतर पाच. ४९ या संख्येत मुलाला चार आणि नऊ दिसतात. 'एकोणपन्नास' या शब्दात त्याला ना चार ऐकू येतात ना नऊ. ऐकू येते ते 'एकने कमी पन्नास'. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच रीत चालते आणि ९९ ला 'नव्व्याण्णव' म्हणून ती मोडते. 'सदुसष्ट' आणि 'शहात्तर' यांत गल्लत करणाऱ्या मुलाने ६७ आणि ७६ यांच्या किमतींत गल्लत केली, की केवळ नावांत? चाचणीच्या नोंदीवरून याचे उत्तर मिळत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रात एकदा ऐरणीवर आला होता. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या नव्या गणित पाठ्यपुस्तकात एकवीस, बावीस यांबरोबर 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन सुचविण्यात आले. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका अशी होती की जोडाक्षरयुक्त व उलट क्रमाच्या नावांमुळे अनेक मुले गणितापासून दुरावतात. तेलुगू, कन्नड, तमिळ आदी दक्षिणी भाषांत दशक आधी व एकक नंतर असाच उच्चार होतो. यावर वृत्तपत्रांत आणि विधिमंडळात मोठा गदारोळ झाला. भाषेचे सौंदर्य नष्ट होईल, अशी टीका झाली. विनोद आणि उपहासही भरपूर झाला. त्या वादात एक मुद्दा मात्र दुर्लक्षित राहिला. पाठ्यपुस्तकाने पर्यायी वाचन मान्य केले तरी चाचणी घेणारा ते मान्य करील काय? ६७ पाहून 'साठ सात' म्हणणाऱ्या मुलाला स्थानिक किंमत कळली आहे, हे उघड आहे. त्याला संख्या ओळखता येत नाही असे नोंदविले गेल्यास ती चाचणी गणिताची न राहता शब्दसंपत्तीची होते.

मेळघाटातील कोरकू मुलासाठी हा प्रश्न दुहेरी आहे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून मराठीशी तिचे कौटुंबिक नाते नाही. त्या मुलाला प्रथम परकी भाषा शिकावी लागते व नंतर त्या भाषेतील सर्वांत अनियमित शब्दसमूह. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाची अडचण तुलनेने कमी असली तरी ती नाहीच असे नाही. शाब्दिक उदाहरणातील 'कितीने अधिक', 'शिल्लक', 'प्रत्येकी' यांसारखे शब्द त्याच्या घरच्या बोलीत सहसा येत नाहीत. ऑस्ट्रेलियातील ॲन न्यूमन यांनी १९७७ मध्ये शाब्दिक उदाहरण सोडविण्याचे वाचन, आकलन, गणिती रूपांतर, प्रक्रिया आणि उत्तरलेखन असे पाच टप्पे दाखविले. मूल पहिल्या दोन टप्प्यांवर अडखळले तरी गुणपत्रकात शून्य गणितातच पडते. सामूहिक लेखी चाचणीत हा धोका अधिक संभवतो. एकास एक तोंडी चाचणीत तो कमी असतो.

चुकीमागचे तर्कशास्त्र

५२ − २७ हे उदाहरण घेऊ. एक मूल ३५ उत्तर लिहिते, दुसरे ७९, तिसरे २४. गुणदानाच्या दृष्टीने तिघेही समान आहेत. वास्तविक पहिल्याने एककस्थानी मोठ्यातून लहान अंक वजा केला. त्याची पद्धत सुसंगत आहे, फक्त दशक सुटा करण्याची कल्पना त्याला नाही. दुसऱ्याने चिन्हाकडे न पाहता बेरीज केली. तिसऱ्याला रीत येते, फक्त मोजताना एक घर चुकले. या तिघांना तीन वेगवेगळ्या प्रकारच्या मदतीची गरज आहे. ६२७ ÷ ६ या भागाकारात १०४ ऐवजी १४ लिहिणाऱ्या मुलाला भागाकार येत नाही असे नाही. भागाकारात शून्याची जागा राखावी लागते हे त्याला उमगलेले नाही. ब्राऊन आणि बर्टन यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते की मुलांच्या वजाबाकीतील बऱ्याच चुका निष्काळजीपणाच्या नसून चुकीच्या पण नियमबद्ध पद्धतीच्या असतात. राज्यभरातून गोळा होणाऱ्या लक्षावधी उत्तरपत्रिकांत हे ज्ञान दडलेले असते. संकेतस्थळावर केवळ गुण भरले जातात आणि चूक कागदासह रद्दीत जाते.

बाजारातील गणित आणि कागदावरील गणित

चाचणीबाहेर राहणाऱ्या कौशल्याचा विचार केल्याशिवाय ही चिकित्सा पूर्ण होत नाही. बडनेऱ्याच्या बाजारात आईशेजारी भाजीच्या दुकानावर बसणारी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. अठरा रुपयांची एक याप्रमाणे मेथीच्या चार जुड्या झाल्या तर ती 'दोनचे छत्तीस, आणखी दोनचे छत्तीस, बहात्तर' असा हिशेब करते. शंभराच्या नोटेतून परत देताना बहात्तरवरून पंचाहत्तर, तेथून ऐंशी आणि मग शंभर अशी वर चढत ती अठ्ठावीस रुपये मोजून देते. हीच १०० − ७२ ही उभी मांडणी कागदावर समोर आली, दोन शून्यांतून हातचा घेण्याची वेळ आली, तर ती थबकण्याची शक्यता मोठी आहे.

ही केवळ कल्पना नव्हे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास कॅराहेर, कॅराहेर आणि श्लिमन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. बाजारातील व्यवहारात या मुलांची ९८.२ टक्के उत्तरे बरोबर होती. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या अंकांत दिल्यावर हे प्रमाण ३६.८ टक्क्यांवर घसरले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या हजाराहून अधिक मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यातही हेच दिसले आणि त्याची दुसरी बाजूही दिसली. बाजारातील मुले शालेय स्वरूपाच्या उदाहरणांत अडखळली. शाळेत नियमित जाणारी मुले बाजारी व्यवहाराच्या हिशेबात मागे पडली.

या निष्कर्षाचा भावुक अर्थ लावणे धोक्याचे आहे. बाजारच खरी शाळा आहे, असे यावरून सिद्ध होत नाही. लेखी गणिताची सामान्य रीत बाजारात मिळत नाही आणि तिच्याशिवाय पुढच्या शिक्षणाची दारे उघडत नाहीत. बालश्रमाचे समर्थन तर यातून मुळीच निघत नाही. निघते ते एवढेच की दोन्ही गणितांमध्ये पूल बांधण्याचे काम शाळेचे आहे. आणि जी चाचणी केवळ एकाच तीरावर उभी राहून मोजते ती त्या मुलीला 'वजाबाकी न येणारी' ठरविते. असे ठरविले गेल्याने होणारी हानी गुणांत मोजता येत नाही. आपल्याला गणित येत नाही, असे तिसरीत पटलेले मूल पुढे तो विषय सोडण्याची वाट पाहत राहते.

मोजमाप आणि उत्तरदायित्व

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी सत्तरच्या दशकात एक इशारा दिला होता. एखाद्या संख्यात्मक निर्देशकावर निर्णय जितके अधिक अवलंबून राहतात, तितका तो निर्देशक भ्रष्ट होण्याचा आणि मूळ प्रक्रियेला विकृत करण्याचा संभव वाढतो. मध्य प्रदेशातील 'प्रतिभा पर्व' या शासकीय मूल्यमापनाचा अभिजित सिंह यांनी केलेला अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे त्याच विद्यार्थ्यांची स्वतंत्रपणे फेरचाचणी घेतली असता शासकीय गुण वस्तुस्थितीपेक्षा पुष्कळ फुगलेले आढळले.

महाराष्ट्रातील रचनाही या धोक्यापासून मुक्त नाही. जो शिक्षक शिकवितो तोच चाचणी घेतो, तोच तपासतो, तोच गुण भरतो आणि त्याच गुणांवरून त्याची शाळा कोणत्या श्रेणीत बसते हे ठरते. अशा वेळी प्रामाणिक शिक्षकापुढे विचित्र पेच उभा राहतो. खरे गुण भरावेत तर शाळा मागे दिसते, खुलासा द्यावा लागतो. वाढवून भरावेत तर मागे राहिलेले मूल कागदावर प्रगत होते आणि पुढील वर्षी त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. हा दोष व्यक्तीचा नसून रचनेचा आहे. निदानाचे साधन आणि जाब विचारण्याचे साधन एकच केले की निदान खोटे होते. ताप लपविणाऱ्या रुग्णावर उपचार होऊ शकत नाहीत.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की प्राथमिक गणिताच्या चाचणीकडून तीन भिन्न अपेक्षा केल्या जातात. समाजाला एकूण स्थिती कळावी, शिक्षकाला मुलाची अडचण कळावी आणि शासनाला शाळेचे काम कळावे, या त्या तीन अपेक्षा होत. पहिल्या कामासाठी नमुना सर्वेक्षण योग्य आहे आणि ते त्रयस्थांनीच करावे. दुसऱ्या कामासाठी गुण नव्हे तर चुकीचा प्रकार नोंदविणारी, तोंडी व लेखी अशी दुहेरी, श्रेणीशी न जोडलेली वर्गचाचणी हवी. तीत मुलाच्या घरच्या भाषेतील उत्तर आणि 'साठ सात' असे वाचनही ग्राह्य असावे. तिसऱ्या कामासाठी शिक्षकाच्या स्वतःच्या नोंदीऐवजी काही शाळांची स्वतंत्र फेरतपासणी अधिक विश्वासार्ह ठरेल. एकाच प्रश्नपत्रिकेने ही तिन्ही कामे करण्याचा अट्टाहास सोडणे ही सुधारणेची पहिली पायरी होय.

महाविद्यालयीन शिक्षकांसाठी हा विषय दूरचा नाही. अशा सर्वेक्षणांत स्वयंसेवक म्हणून जाणारे तरुण अनेकदा महाविद्यालयांतील आणि अध्यापक विद्यालयांतीलच असतात. त्यांना जाण्यापूर्वी साधन कसे वापरावे हे शिकविले जाते. त्याबरोबरच ते साधन काय मोजत नाही हेही त्यांना शिकविले पाहिजे. गणित, भाषा, संख्याशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन परिसरातील महापालिका शाळांतील मुलांच्या केवळ चुकांचा पद्धतशीर संग्रह केला, तरी त्याचे मोल एखाद्या टक्केवारीच्या तक्त्यापेक्षा अधिक ठरेल. ३५ उत्तर लिहिणाऱ्या मुलाला 'हे तू कसे काढलेस?' असे विचारणारे कोणीतरी भेटणे, ही त्या मुलाच्या दृष्टीने खरी चाचणी आहे. ती आज बहुतेक वर्गांत घेतली जात नाही.